टेबलाशी आई, टबात मूल

एक जुने फ्रेंच चित्र आहे. वर्तमानपत्रात छापलेले, काळ्या खडूच्या रेघांचे. एका घरातली खोली आहे. टेबलाशी एक बाई बसली आहे आणि लिहिते आहे. लिहिण्यात ती एवढी बुडाली आहे की आजूबाजूचे तिला भान नाही. तिच्यापासून हाकेच्या अंतरावर आंघोळीचा टब आहे आणि त्या टबात तिचे मूल उलटे पडले आहे. डोके पाण्यात, पाय हवेत. खाली मजकूर आहे, त्यात आग आणि पाणी यांवर कोटी केलेली आहे. आईच्या डोक्यात लेखनाची आग पेटली आहे आणि मूल बिचारे टबाच्या पाण्यात आहे, असा तिचा आशय.

चित्र १८४४ सालचे. काढणारा ओनोरे दोमिए, एकोणिसाव्या शतकातला फ्रान्सचा सर्वांत मोठा व्यंगचित्रकार. छापणारे पत्र ‘ल शारिवारी’, पॅरिसचे विनोदी दैनिक. चित्र पाहून पहिल्यांदा हसू येते, हे आम्ही कबूल करतो. दोमिएचा हातच तसा होता. चार रेघांत तो माणूस उभा करी. परंतु दुसऱ्यांदा पाहिले की हसू जरा अडखळते, आणि तिसऱ्यांदा पाहिले की एक साधा प्रश्न पडतो. या मुलाचा बाप कोठे आहे?

चित्रात तो नाही. तो कामावर गेला असेल, कॉफीगृहात बसून हेच वर्तमानपत्र वाचत असेल, किंवा बाजूच्या खोलीत निवांत पडला असेल. चित्रकाराला त्याची गरज वाटली नाही, वाचकालाही वाटली नाही. मूल बुडाले तर ते आईमुळे बुडाले, हे चित्र काढण्यापूर्वीच ठरलेले होते. आमच्या वाचक भगिनींना ही गोष्ट निराळी समजावून सांगावी लागणार नाही. घरात दूध उतू गेले, पोर पडले, पाहुण्याला पाणी मिळाले नाही, की आवाज कोणाच्या नावाने निघतो हे त्यांना ठाऊक आहे.

(जाता जाता एक सूचना. रांगते किंवा नुकते चालू लागलेले मूल वीतभर पाण्यातही बुडू शकते. डोके जड असल्यामुळे तोल जाऊन ते बादलीत पडले तर त्याला स्वतःहून उठता येत नाही आणि ओरडताही येत नाही. भरलेली बादली, टब, पिंप झाकून ठेवावे. हे काम आईने करावे की बापाने, असा भेद पाण्याला कळत नाही.)

हे चित्र सुटे नाही. ‘निळे मोजेवाल्या’ या नावाची चाळीस चित्रांची मालिका दोमिएने १८४४ च्या जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत त्या पत्रात दिली. त्यांतलेच हे एक. फ्रेंच भाषेत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या बाईला हिणवून ‘निळा मोजा’ म्हणत. हा शब्द इंग्लंडमधून आला. अठराव्या शतकात लंडनमध्ये एलिझाबेथ माँटेग्यू वगैरे बायकांच्या घरी पत्ते कुटण्याऐवजी पुस्तकांवर गप्पा मारणाऱ्या मंडळींच्या बैठका होत. तेथे बेंजामिन स्टिलिंगफ्लीट नावाचे एक विद्वान गृहस्थ समारंभाचे काळे रेशमी मोजे न घालता रोजचे निळे लोकरी मोजे घालून येत, म्हणून त्या बैठकीला ते नाव पडले असे सांगतात. म्हणजे मोजे पुरुषाचे होते. शिवी मात्र बाईच्या वाट्याला आली.

मालिकेतली इतर चित्रे पाहिली म्हणजे चेष्टेचा रोख कळतो. एका चित्रात नवरा विजारीला बटण लावून मागतो आहे, तर बायको माझ्यासारखीने बटण लावायचे काय म्हणून विजारच त्याच्या अंगावर फेकते. दुसऱ्या एका चित्रात बायकोला कवितेसाठी साहित्यसंस्थेचे कुठलेसे सातव्या क्रमांकाचे बक्षीस मिळाल्यापासून नवरोबाला परटिणीचे कपडे मोजून द्यावे लागतात, आणि त्याचे दुःख काय तर आपण नागरी पलटणीतले कप्तान असून ही पाळी आली. बायका काढल्या आहेत त्या हाडकुळ्या, लांब नाकाच्या, केस विस्कटलेल्या. बाईने लेखणी धरली की तिचे रूप जाते, घर जाते, मूल जाते आणि नवऱ्याची अब्रूही जाते, एवढाच या चाळीस चित्रांचा मथितार्थ. बटण आणि परटिणीचे कपडे! एवढ्यावर एका पुरुषाचा संसार बुडत असेल तर तो संसार कशावर उभा होता, असे कोणी विचारले नाही.

हे चित्र काढणारा माणूस प्रतिगामी नव्हता, हे येथे सांगितले पाहिजे. राजेशाहीचा तो वैरी. फ्रान्सचा राजा लुई-फिलिप याला त्याने १८३१ साली पोटभर पैसा गिळणारा राक्षस म्हणून रंगवला, आणि त्याबद्दल सहा महिन्यांची कैद भोगली. १८३४ च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या त्रान्स्नोनँ रस्त्यावर शिपायांनी एका घरात शिरून झोपलेल्या कष्टकऱ्यांना मारले. त्या खोलीचे चित्र दोमिएने काढले. रात्रीच्या अंगरख्यात मरून पडलेला बाप आणि त्याच्या अंगाखाली चिरडलेले तान्हे मूल. त्या चित्रात बाप आहे. जगातल्या थोर छापचित्रांमध्ये त्याची गणना होते आणि ते पाहताना कोणी हसत नाही.

मग असा माणूस बटणाच्या चित्रांकडे कसा वळला? कारण सरळ आहे. १८३५ साली राजावर जीवघेणा हल्ला झाला आणि सप्टेंबरमध्ये कडक कायदे आले. सरकारी परवानगीवाचून चित्र छापणे बंद झाले. राजाची, मंत्र्यांची, न्यायाधीशांची थट्टा करणे म्हणजे दंड आणि तुरुंग. परंतु विनोदी पत्राला रोज एक चित्र तर हवेच. सत्तेकडे बोट दाखवता येईना, तेव्हा घराकडे वळले. वकील, डॉक्टर, घरमालक, नाटकवाले, भाडेकरू, सारे चित्रात आले, आणि त्यांच्याबरोबर बायको आली. राजाला हसले तर कैद होती, बायकोला हसले तर काहीच नव्हते. व्यंगचित्राचा बाण नेहमी वरच्या दिशेनेच जातो असे समजणाऱ्यांनी ही हकीकत ध्यानात ठेवावी. वरची वाट बंद झाली की तोच बाण खाली येतो, आणि खाली कोण उभे असते हे सांगायला नको.

‘शारिवारी’ या नावातच सगळे आहे. फ्रान्सच्या खेड्यांत शारिवारी ही जुनी रूढी होती. म्हाताऱ्याने तरुण मुलीशी लग्न केले, विधवेने पुन्हा घर मांडले, किंवा नवरा बायकोच्या हातचा मार खातो अशी कुणकुण लागली, की गावची पोरे रात्री त्या घरापुढे जमून थाळ्या, पातेली, डबे बडवीत आणि शिव्या देत. ज्याचे घर गावाच्या रीतीत बसत नाही त्याची अब्रू चव्हाट्यावर आणण्याची ही रीत. शार्ल फिलिपाँ या संपादकाने १८३२ साली राजाच्या घरापुढे थाळी वाजवण्यासाठी हे नाव घेतले होते. बारा वर्षांनी तीच थाळी लिहिणाऱ्या बाईच्या दारात वाजू लागली. चित्रांखालचे मजकूरही बहुधा दोमिएचे नसत, कचेरीतली मंडळी ते लिहीत. म्हणजे चित्र एका पुरुषाचे, त्याखालचे शब्द दुसऱ्या पुरुषाचे, छापणारा तिसरा. ज्या बाईबद्दल हे सगळे चालले होते तिच्या हातात चित्रातलीच काय ती लेखणी.

छपाईची तऱ्हाही ध्यानात घेण्यासारखी आहे. हे शिळाछाप चित्र. आपल्याकडच्या जुन्या पोथ्या आणि पंचांगे ज्या शिळाप्रेसवर निघत तीच पद्धत. जर्मनीत सेनेफेल्डर याने ती अठराव्या शतकाच्या अगदी अखेरीस काढली. एका जातीचा चुनखडीचा दगड घासून गुळगुळीत करायचा, त्यावर तेलकट खडूने चित्र काढायचे, मग दगड ओला करायचा. जेथे खडू तेथे पाणी ठरत नाही, आणि जेथे पाणी तेथे तेलकट शाई धरत नाही. शाई फिरवली की फक्त चित्र शाई पकडते. लाकूड किंवा तांबे कोरीत बसण्याची गरज नाही. चित्रकाराने सकाळी दगडावर रेघोट्या ओढाव्यात आणि हजारो प्रती निघाव्यात. दोमिएने जन्मभरात अशी सुमारे चार हजार चित्रे काढली. हे पोट भरण्याचे काम होते. दगड आला की चित्र द्यायचे, विषय पत्राने ठरवायचा. म्हणून या चित्रांत त्याचे स्वतःचे मत किती आणि गिऱ्हाइकाची आवड किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. पण पान उलटणाऱ्या बाईला तो भेद काय कामाचा?

आता ज्या घराची ही चेष्टा, त्या घराचा कायदा पाहू. नेपोलियनने १८०४ साली जी दिवाणी संहिता दिली तिच्यात पत्नीने पतीच्या आज्ञेत राहावे असे स्पष्ट कलम होते. विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीशिवाय करार करता येत नसे, कोर्टात उभे राहता येत नसे. तिच्या मजुरीवर तिचा हक्क १९०७ साली आला. राज्यक्रांतीने १७९२ साली दिलेला घटस्फोट १८१६ मध्ये काढून घेतला गेला आणि तो १८८४ पर्यंत परत मिळाला नाही. शाळेचे म्हणाल तर १८३३ च्या कायद्याने गावोगाव मुलांची शाळा काढण्याचा हुकूम झाला, त्यात मुलींचा विचार नव्हता. फ्रान्समध्ये पहिल्या बाईने शालान्त पदवीपरीक्षा दिली ती १८६१ साली. तिचे नाव ज्यूली दोबिए. पुढे तिने एकोणिसाव्या शतकातल्या गरीब स्त्रीवर ग्रंथ लिहिला. तेव्हा १८४४ च्या ज्या बायकांची विद्या अति झाली म्हणून पॅरिस हसत होते, त्यांपैकी एकीकडेही ही पदवी नव्हती. कित्येकजणी घरी, चोरून-मारून, भावाच्या पुस्तकांवर शिकल्या.

लिहिणाऱ्यांत सर्वांत गाजलेली जॉर्ज सँड. खरे नाव ऑरोर. १८३२ साली पुरुषाच्या नावाने पहिली स्वतंत्र कादंबरी काढली आणि ती गाजली. नवऱ्याशी पटेना म्हणून कोर्टातून विभक्त झाली. दोन मुले, घर आणि शेतीवाडी तिने आपल्या नावावर राखली. तिचे लिहिणे रात्री चाले. घर झोपल्यावर ती टेबलाशी बसे. म्हणजे टबाजवळ मूल सोडून लिहीत बसणारी बाई चित्रात होती, आणि मूल झोपवून मग दिवा लावणारी बाई खरोखरीच्या घरात होती. दोमिएने तिलाही सोडले नव्हते. १८३९ च्या एका चित्रात फाटकी विजार हातात धरलेला नवरा या बाईच्या नावाने बोटे मोडतो, कारण तिची पुस्तके वाचून बायका शिवणटिपण करीनाशा झाल्या!

आता त्या टबातल्या मुलाकडे परत येऊ. पॅरिसमधली मुले त्या काळी मरत होती, ही गोष्ट खोटी नव्हती. पण ती आयांच्या लिहिण्याने मरत नव्हती. शिवणकाम करणाऱ्या, कपडे धुणाऱ्या, दुकानात उभ्या राहणाऱ्या बाईला तान्हे घरी ठेवून जाता येत नसे आणि कामावर घेऊन जाता येत नसे. म्हणून दरवर्षी हजारो तान्ही बाळे खेड्यांतल्या दाईंकडे पैसे देऊन दुधावर ठेवली जात. त्यासाठी शहरात दाया मिळवून देणारी कचेरी होती, गाड्या भरून दाया येत आणि बाळे घेऊन जात. दाईही गरीबच. पदरी स्वतःचे मूल, वर शहरातले दुसरे. कित्येक बाळे परत आलीच नाहीत. सरकारने या धंद्यावर देखरेख आणणारा कायदा केला तो १८७४ साली. पॅरिसच्या व्यापारमंडळाने १८४७-४८ मध्ये मजुरीची पाहणी केली. त्यात पुरुषाची रोजची सरासरी मजुरी ३ फ्रँक ८० सांतीम आणि स्त्रीची १ फ्रँक ६३ सांतीम निघाली. निम्म्याहूनही कमी. खरी बाळे या हिशेबात बुडत होती. या हिशेबाचे व्यंगचित्र काढायला काय हरकत होती?

आणि योगायोग असा की हे चित्र ज्या १८४४ साली छापले गेले त्याच साली, नोव्हेंबर महिन्यात, पॅरिसच्या शायो भागात पहिले पाळणाघर उघडले. फिर्मां मार्बो नावाच्या एका नगर-अधिकाऱ्याने ते काढले. गरिबांच्या शाळांची पाहणी करताना त्याला प्रश्न पडला की शाळेच्या वयाच्या मुलांची सोय झाली, पण त्याआधीच्या तान्ह्यांचे काय? डझनभर पाळण्यांवर सुरुवात झाली. आईने सकाळी मूल आणून द्यावे, मधल्या वेळात येऊन अंगावर पाजावे, संध्याकाळी घेऊन जावे. दिवसाला २० सांतीम द्यावे. ही कल्पना फ्रान्सभर आणि पुढे युरोपभर पसरली. दोष तिच्यातही होते. आई गरीब हवी, घराबाहेर कामाला जाणारी हवी, आणि चांगल्या वर्तणुकीची हवी, अशा अटी होत्या. तान्ह्या बाळाला दूध मिळावे की नाही हे आईच्या वर्तणुकीवर ठरणार! बापाची वर्तणूक कोणी तपासली नाही. परंतु एवढे मान्य केलेच पाहिजे की मूल पाण्यात पडले तर पाण्याशी कोणीतरी माणूस बसवावे, ही अक्कल या गृहस्थाला सुचली. हसणाऱ्यांना ती सुचली नव्हती.

चार वर्षांनी १८४८ च्या फेब्रुवारीत राजा पळाला आणि प्रजासत्ताक आले. भिंतींवर स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द लिहिले गेले. (आपल्या वाचकांना हे तीन शब्द परिचयाचे आहेत. ते आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतले नसून आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतले, असे बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात मुद्दाम सांगितले होते.) मार्चमध्ये एकवीस वर्षांवरील प्रत्येक पुरुषाला मत मिळाले. त्याला ‘सार्वत्रिक’ मतदान म्हणण्यात आले. बायकांनी विचारले, आम्ही सर्वांत मोडत नाही काय? यूजेनी निबोये हिने ‘स्त्रियांचा आवाज’ नावाचे दैनिक काढले. सोळा वर्षांपूर्वी, १८३२ मध्ये, देझिरे व्हेरे आणि मारी-रेन गँदोर्फ या शिवणकाम करणाऱ्या दोन मुलींनी असेच एक पत्र काढले होते. त्यात लिहिणाऱ्या बायका आडनाव लावीत नसत. आडनाव बापाचे किंवा नवऱ्याचे, ते आमचे नव्हे, म्हणून नुसते पहिले नाव. सुई चालवणाऱ्या हातांनी हे लिहिले. या बायकांना निळे मोजे परवडतही नव्हते.

निबोयेच्या पत्राने जॉर्ज सँडला निवडणुकीला उभी करावी असे सुचवले. सँडने जाहीर पत्र लिहून ते झिडकारले, आणि झिडकारतानाचा सूर फार तुसडा होता. आपल्या मते ती तेथे चुकली. आधी दिवाणी हक्क, मग मत, असा तिचा हिशेब होता. हिशेब म्हणून तो समजतो, पण ज्यांनी तिला मान दिला त्यांना दारातून हाकलण्याचे कारण नव्हते. त्याच वर्षी जुलैमध्ये कायद्याने बायकांना राजकीय मंडळांत जाण्याची बंदी झाली. घटस्फोट परत आणण्याचे विधेयकही मागे पडले. दोमिएने लगेच ‘घटस्फोटवाल्या’ अशी सहा चित्रे काढली. एकात दोन बायका सभेला चालल्या आहेत आणि मुलांशी खेळत बसलेल्या एका आईकडे पाहून नाक मुरडतात. इतक्या महत्त्वाच्या वेळी ही मुलांत रमली आहे, असा त्यांचा तिरस्कार. पुन्हा तेच. आईपण एका बाजूला, हक्क दुसऱ्या बाजूला, दोन्ही एका बाईत असूच शकत नाहीत.

१८४९ साली जान देरवां ही बाई निवडणुकीला उभी राहिली. ही मूळची शिवणकाम करणारी, स्वतःच शिकून पुढे शिक्षिका झालेली, आणि मुलांची आई. कायद्याने तिला मतही नव्हते, मग निवडून येणे दूरच. तरी ती उभी राहिली, सभांना गेली. कामगारांचा कैवारी म्हणून नाव असलेल्या प्रुदाँने लिहिले की पुरुष जसा बाळाला पाजू शकत नाही तशी बाई कायदे करू शकत नाही. तिने उलट विचारले की पाजायला कोणता अवयव लागतो ते समजले, कायदे करायला पुरुषाचा कोणता अवयव लागतो तेवढे सांगा. त्याला उत्तर सुचल्याचे कोठे दिसत नाही. त्याच महिन्यांत दोमिएची ‘समाजवादी स्त्रिया’ ही दहा चित्रांची मालिका सुरू झाली. विषय ठरलेलाच. घरी पोरे रडताहेत, नवरा पाळणा हलवतो आहे, बाई सभेला.

त्यानंतर देरवां आणि तिची मैत्रीण पोलिन रोलाँ यांनी पॅरिसच्या शंभरावर कामगार-सहकारी संस्थांचा संघ उभारण्याचे काम हाती घेतले. १८५० च्या मे महिन्यात पोलिसांनी बैठकीवर धाड घालून सर्वांना पकडले. दोघींना सहा महिन्यांची शिक्षा झाली. खटल्यात एक गोष्ट घडली, ती चित्रापेक्षा बोलकी आहे. संघाची मूळ योजना देरवांची, तिच्या हाताने लिहिलेली. पण हे तू कोर्टात सांगू नकोस, एवढ्या पुरुषांनी बाईच्या योजनेवर काम केले असे दिसेल, अशी विनवणी तिला तिच्याच बाजूच्या लोकांनी केली. ती गप्प राहिली. तुरुंगातून दोघींनी अमेरिकेतल्या स्त्रियांच्या परिषदेला पत्र धाडले, ते १८५१ साली तेथे पोहोचले. पोलिन रोलाँला पुढे अल्जेरियात हद्दपार केले. तेथून सुटून मुलांकडे परतताना १८५२ च्या डिसेंबरात ती वाटेतच, ल्याँ शहरी वारली.

दोमिएबद्दल दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. त्याचा बाप मार्सेयला खिडक्यांच्या काचा बसवणारा कारागीर होता आणि त्याला कवितांचे वेड होते. १८१४ साली धंदा टाकून तो कवी व्हायला पॅरिसला गेला. मागाहून कुटुंब आले. कवितेवर घर चालले नाही. कोवळ्या वयात ओनोरेला कोर्टाच्या बेलिफाकडे निरोप पोहोचवणारा पोऱ्या म्हणून राबावे लागले. रचनेच्या आगीत गुंग असलेले माणूस आणि पाण्यात पडलेले मूल त्याने लहानपणी स्वतःच्या घरी पाहिले होते. फक्त ते माणूस बाप होते. पण त्याचे चित्र त्याने काढले नाही. दुसरी गोष्ट, १८४६ साली त्याने लग्न केले ते एका शिवणकाम करणाऱ्या मुलीशी. सेन नदीतल्या बेटावर, धक्क्याच्या काठी ती दोघे राहत. घराखालून रोज परटिणी जात. नदीवरच्या धुण्याच्या नावांतून ओले कपडे पाठीकमरेवर घेऊन त्या दगडी पायऱ्या चढत. पुढे त्याने रंगांत एक चित्र केले. तशीच एक परटीण, एका बगलेत धुण्याचे गाठोडे, दुसऱ्या हाताला तिचे लहान मूल. मुलाला पायरी उंच पडते, म्हणून ती वाकली आहे. तिला चेहरा जवळजवळ नाहीच, पण तिच्या वाकण्यात एवढी माया आणि एवढा थकवा आहे की पाहणाऱ्याने गप्प व्हावे. कष्टकरी आईला त्याने असा मान दिला. लिहिणाऱ्या आईला दिला नाही. ओझे वाहणारी बाई त्याला समजत होती, लेखणी धरणारी समजत नव्हती, असे आम्हास वाटते. असे पुरोगामी पुरुष केवळ पॅरिसमध्येच होते असे नाही.

फ्रान्सच्या बायकांना मताचा हक्क १९४४ साली मिळाला, आणि पहिले मत त्यांनी १९४५ च्या एप्रिलमध्ये टाकले. नवऱ्याची परवानगी न घेता नोकरी करण्याची आणि आपल्या नावाने बँकेत खाते उघडण्याची मोकळीक कायद्याने १९६५ साली दिली. १८४४ च्या त्या चित्राला तेव्हा एकशे एकवीस वर्षे झाली होती.

जान देरवां १८५२ साली लंडनला निघून गेली आणि परत फ्रान्सला आली नाही. तेथे तिने शिकवण्या केल्या, भरतकाम केले आणि त्यावर घर चालवले. तिचा एक मुलगा आजारी होता, त्याची सेवा तिने अनेक वर्षे स्वतः केली. त्याच टेबलाशी बसून तिने स्त्रियांचे एक वार्षिक पुस्तक काढले, १८५२ चे पॅरिसमध्ये आणि पुढची दोन लंडनमध्ये. १८९४ साली ती वारली, तेव्हा कवी आणि समाजवादी कार्यकर्ता विल्यम मॉरिस तिच्या अंत्यविधीला बोलला. तिचे आणि तिच्या मुलाचे चित्र कोणी काढले नाही.